जिराफाची मान

रंगाऱ्यांच्या टोळीत त्याला सगळे जिराफ म्हणत. मान लांब, आणि छताचं काम आलं की ते त्याच्याच गळ्यात पडायचं. वर्षानुवर्षं त्याने मान मागे टाकून छतं रंगवली.

मग हातातून ब्रश निसटायला लागला. बायकोने दवाखान्यात नेलं. मानेला पट्टा आला, शेक झाला, वजन लावून मान ताणून झाली. गोळ्यांनी दुखणं दबलं, बोटं बधिरच राहिली. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढताच तो उठला. शेजारीपाजारी सांगतच होते, "मानेला सुरी लावलीस की जन्माचा अंथरुणाला खिळशील." असा खिळलेला माणूस प्रत्येकाला ठाऊक होता, नाव विचारलं की मात्र कोणाला आठवत नसे.

पुढे कापसावरून चालल्यासारखे पाय पडू लागले. एकदा शिडीच्या पायथ्याशीच कोलमडला, तेव्हा टोळीतल्याच मेहुण्याने त्याला उचलून सर्जनपुढे नेलं.

"मानेत मज्जारज्जू दबलाय," सर्जन म्हणाले. "ऑपरेशनने पुढची घसरण थांबेल. गेलेलं परत येईल, असा शब्द देत नाही."

"आधी आलो असतो तर?" बायकोने विचारलं.

सर्जननी एमआरआयची फिल्म पाकिटात सरकवली. "आता आलात ना," एवढंच म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला पुढून चीर, आत धातूची पट्टी आणि स्क्रू. कित्येक दिवस घोट गिळवेना. "जिराफाला खिळे ठोकले," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. बायको हसली नाही.

पाय सावरले, हात नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई स्पंजचा चेंडू दाबायला लावून "अजून थोडं" म्हणायच्या. हळूहळू त्यांनीही ते म्हणायचं सोडलं.

"दाजी, शिडी चढू नका, नुसतं बसून सांगा," म्हणत मेहुणा त्याला कामावर घेऊन गेला. तो उपड्या डब्यावर बसला. जे सांगायला तोंड उघडावं, ते आधीच झालेलं असे. कोणी वाकडं बोललं नाही. ऊन आलं तसं त्याला डब्यासकट सावलीत सरकवलं, झाडताना पाय वर घ्यायला सांगितले.

"कसं झालं?" घरी बायकोने विचारलं.

"सगळे चांगले वागले."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याची हाक आली, तेव्हा तो जागाच होता. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. "आज बरं नाही त्यांना," बायकोने दारातूनच सांगितलं.

त्यानंतर मेहुण्याने हाक मारली नाही. सकाळी त्याची पावलं तेवढी दारावरून जाताना ऐकू येत.