पत्र्याखालची जागा

हैदराबादला निघालो तेव्हा माझी पेटी बानं मानवत रोड स्टेशनपर्यंत आपल्याच डोक्यावर आणली. मी हात पुढं केला तर म्हणाला, "पुढं तुलाच उचलायचीय. आज ऱ्हाऊ दे."

चौथीतून शाळा सुटलेला मी. एका शिंप्यानं काजं-बटणं करायला ठेवून घेतलं, दुकानाच्या माळ्यावर जागाही दिली. त्याचे उपकार आहेत. पण त्या कोरड्या जागेत पाठ टेकली की पाथरीकडचं आमचं घर दिसायचं. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग, वर मातीचं धाबं, खाली माय आन बा.

दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, पडायला आलेल्या घरातल्या म्हाताऱ्यांना सरकार लाकूड-पत्रे देतंय. मी कचेरी गाठली. तर म्हणाले, राज्यांची नवी वाटणी झाली, तुमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, दरख्वास्त परभणीला करा. मी जागचा हललो नव्हतो, तरी परमुलखातला झालो. रजा काढली, परभणीला दरख्वास्त दिली, साहेब बघायला येणार असं घरी सांगून परतलो.

साहेब आले आणि नामंजूर करून गेले. कळलं तसा धावत गावी गेलो. भिंत गुळगुळीत! मायनं भेग लिंपून वरून पांढरी माती फिरवलेली, शेजारची पितळी भांडी मांडलेली.

"माय, हे काय केलंस?"

"सरकारचा मानूस पयल्यांदा दारात यायलाय, त्याला फुटकी भिंत दावू व्हय?"

बा म्हणाला, "च्या पिऊन लय खूश झाला की. घर झ्याक हाय म्हनला."

तुमचेही आईबाप मागं असतील तर सांगतो, साहेब यायच्या आधी जाऊन बसा. साहेबांनी पुन्हा बघायला यावं म्हणून मी परभणीत हातापाया पडलो. लिंपण खरवडून काढलं आणि साहेब येईपर्यंत दारातून उठलो नाही. त्यांनी भेगेत कोपरापर्यंत हात घातला. माय पदरात तोंड झाकून आत बसली, चोरी धरल्यासारखी.

मदत मिळाली. पत्रे दोन माणसांच्या खोलीपुरते. पण बानं गवंड्याला पाया वाढवायला लावला, मी आलो तर पाय पसरता यावेत म्हणून. पत्रे कमी पडले, कडेला गवत शाकारलं. मी गेलो की तो मला पत्र्याखाली निजवतो, आपण गवताखाली पडतो. म्हणतो, "मला हितं वारं लागतंय."

इथं कुणी घर विचारलं तर पाथरीकडं म्हणतो. आभाळ भरून आलं की सुई हातातच राहते. गवतातून पाणी आत येत असेल का?