कुमुदताई आणि चोरीचा माल

कुमुदताई करडे माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाय. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण यातलं काहीही विचारलं नाही. टेबलावरून थोडं वाकून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगठा बाहेर आलाय. तो आधी आत घ्या, मग आपण आत जा." मी अकोल्याहून नवा ड्रेस, नवी पर्स, नवी फाइल असा सगळा सरंजाम घेऊन आले होते. मोजे तेवढे जुने होते, आणि पुण्यात भेटलेल्या पहिल्याच बाईनं नेमके तेच पाहिले. कुमुदताई आज हयात नाहीत, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. असत्या तर ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करून कागद परत पाठवला असता.

त्यांनी पायांकडे बघण्याला कारण होतं. नारायण पेठेत एका वह्या-रजिस्टरांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. नव्वदनंतरची वर्षं. कॉम्प्युटरचा थाट तेव्हा देवघरातल्या देवासारखा होता. त्याला धूळ चालत नसे, ऊन चालत नसे, आणि चपला-बूट तर मुळीच चालत नसत. दाराशी पादत्राणं काढायची आणि एसीनं गारठलेल्या खोलीत आठ-नऊ तास बसायचं. यंत्रं खुशीत असायची, आम्ही कुडकुडायचो. त्या दाराशीच कुमुदताईंचं टेबल. फोन घेणं, टपाल पाहणं आणि हजेरीवही सांभाळणं ही त्यांची कामं. ती करता करता सगळ्या ऑफिसचे मोजे त्यांच्या डोळ्यांसमोरून आत जायचे. भोकं पडलेले, इलॅस्टिक गेलेले, एक काळा आणि एक निळा असलेले. शेवटी त्यांना ते बघवेना आणि त्यांनी लोकर आणली.

त्या पाच सुयांवर विणत. फोनचा रिसीव्हर खांद्यात धरून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगतानाही सुया थांबत नसत. माप म्हणून टेप कधी लावली नाही. तुमचे बूट दाराशी काढलेले असायचेच, तेवढं त्यांना पुरायचं. "टाच वळवता आली की मोजा आला. बाकीचा नुसता पाइप आहे," असं त्या म्हणत. यजमानांचा कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर हातोडीचे ठोके चालत. विश्रांतीसाठी मी ऑफिसात येते, असं त्या साहेबांच्या तोंडावर सांगत.

पहिला जोड आमच्यातल्या मिलिंदला मिळाला. करड्या रंगाचा, वर दोन तांबड्या पट्ट्या. पंधरा दिवसांत मिलिंदला अमेरिकेचा व्हिसा मिळाला आणि तो गेला. दुसरा जोड अंजलीला. तीही महिन्याभरात गेली. तिसरा गेला तेव्हा ऑफिसात कुजबुज सुरू झाली, आणि पाचवा गेल्यावर कोणाच्याही मनात शंका उरली नाही. आम्ही सगळे इंजिनिअर, सायन्सचे पदवीधर, दोन हजार साल उजाडल्यावर जगातले कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून राबणारे. आणि कुमुदताईंचे मोजे मिळाले की व्हिसा मिळतो यावर आमचा गाढ विश्वास. लोक त्यांच्या टेबलापाशी उगाच रेंगाळू लागले. कोणी हापूस आणून ठेवी, कोणी मुद्दाम फाटके मोजे घालून येई. त्या आंबे ठेवून घेत आणि फाटक्या मोज्यांवर सुईदोरा पुढे करीत. "मोजे मी देते, व्हिसा वकिलात देते. तिकडे आंबे पाठवा," हे ठरलेलं उत्तर.

पण गंमत कळल्यावर ती वापरायची नाही, इतक्या साध्या त्या नव्हत्या. आमच्यात एक गृहस्थ होते, नाव सांगत नाही. दुसऱ्याच्या चुका मोठ्यानं समजावून सांगण्याचा त्यांना छंद होता. सगळं ऑफिस त्यांना विटलेलं. कुमुदताईंनी एका आठवड्यात त्यांना एक सोडून दोन जोड दिले. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "एकानं जातो. दोनानं परत येत नाही." ते गृहस्थ खरोखरच अजून तिकडे आहेत.

माणसं अशी भराभर जाऊ लागल्यावर साहेबांचा धीर सुटला. ऑफिसच्या वेळात विणकाम करू नये, असं टाइप केलेलं पत्रक त्यांनी काढलं, आणि ते सगळ्यांना वाटायचं काम कुमुदताईंनाच दिलं. त्यांनी ते इमानानं वाटलं, स्वतःची प्रत घेतल्याची सही केली आणि सुया पिशवीत ठेवल्या. पुढच्याच महिन्यात साहेबांच्या भाच्याचं अमेरिकेचं काम अडकलं. साहेब दोनदा टेबलाशी आले, हवापाण्याचं बोलून परत गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी दबक्या आवाजात भाच्याचा पाय नऊ नंबरचा असल्याचं सांगितलं. कुमुदताईंनी पिशवीतून पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्याखाली 'रद्द' असं लिहून सही द्यायला सांगितलं. भाचा गेला. पत्रक बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली होतं.

एकदा मात्र त्यांची चेष्टा बंद पडलेली मी पाहिली. आमच्यातल्या संतोषची आई साताऱ्याहून आली होती. तिनं मोज्यांची कीर्ती ऐकली होती. गुळाची मोठी ढेप घेऊन आली असेल, मुलासाठी मागणं करील, असं आम्हांला वाटलं. ती टेबलासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या पोराला देऊ नका." कुमुदताईंनी सुया खाली ठेवल्या. मग त्यांनी त्या बाईंना कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेऊन कॉफी पाजली. संतोषला त्या थंडीत मफलर मिळाला. तो चिडला, पण पुण्यातच राहिला. आता औंधात त्याचं घर आहे.

इतकं सगळं डोळ्यांदेखत घडूनही माझ्या बाबतीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पहिल्या वर्षी मला त्यांनी मफलर दिला. दुसऱ्या वर्षी कानटोपी, तिसऱ्या वर्षी हातमोजे, चौथ्या वर्षी बिनबाह्यांचा स्वेटर. डोक्यापासून कमरेपर्यंत मी कुमुदताईंच्या लोकरीत होते, खाली मात्र दुकानातले नायलॉन. कधी म्हणत लोकर संपली, कधी सुई वाकली. एकदा तर माझे पाय अजून वाढताहेत, थांबू या, म्हणाल्या. मी सव्वीस वर्षांची होते.

मला जायचं होतं. नुसतं हौसेनं नव्हे. माझ्याबरोबर लागलेले सगळे गेले होते, माझ्यामागून आलेलेही गेले होते. अकोल्यात वडिलांनी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना सांगून ठेवलं होतं, आणि दर सुट्टीत घरी गेले की गल्लीतल्या बायका "काऊन वं, अजून इथंच?" असं विचारायच्या. पुण्यात माझं माणूस म्हणाल तर एक कुमुदताई. त्या मला 'वऱ्हाड' म्हणत, डब्यातली भाजी तिखट नाही म्हणून स्वतःच्या डब्यातला ठेचा देत, आजारी पडले तर कसब्यात घरी नेऊन ठेवत. एरवी 'तू', रागावल्या की 'आपण'. आणि याच बाईनं सगळ्या जगाला मोजे द्यावेत, मला देऊ नयेत, याचा मला मनापासून राग होता.

अखेर मलाही कंपनीनं एका प्रोजेक्टवर तिकडे पाठवायचं ठरवलं. बुधवारी मुंबईला मुलाखत होती. आदल्या रविवारी सकाळी मी कसब्यात गेले, ठरवूनच, की आज सरळ मागायचे. कुमुदताई मंडईत गेल्या होत्या. बाबूराव, म्हणजे त्यांचे यजमान, पुढच्या खोलीत एका हंड्याला ठोके देत होते. आयुष्यभर हातोडी चालवून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. मी मुलाखतीचं ओरडून सांगितलं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि गुपित सांगायला माझ्याजवळ सरकले.

"तुझे मोजे विणून तयार आहेत!" ते ओरडले. समोरच्या दुकानातल्या माणसानं वळून पाहिलं. "चार जोड! दर वर्षी एक विणते आणि त्या मोठ्या घंगाळात ठेवते. देत नाही!"

मी का म्हणून विचारलं.

"दिले तर तू जाशील म्हणते! मी म्हटलं, अगं, तू एवढी हसतेस त्या पोरांना, आणि आता तूच खरं मानायला लागलीस? तर मला म्हणाली, तुम्ही ठोके मारा."

घंगाळाचं झाकण त्यांनीच उचललं. आत तांबड्या, जांभळ्या, हिरव्या आणि पिवळ्या लोकरीचे चार जोड एकावर एक घडी करून ठेवले होते. मला रडू आलं, हे कबूल करते. पण बुधवार जवळ आला होता आणि आपण फार चांगल्या आहोत असा माझा कधीच दावा नव्हता. मी जांभळा जोड उचलला आणि पर्समध्ये कोंबला. बाबूराव सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात "कोणाला सांगू नको" म्हणाले. कुमुदताई मंडईतून यायच्या आत मी निघून गेले.

बुधवारी मोजे घालून गेले आणि व्हिसा मिळाला. मोज्यांमुळे मिळाला असं मी आज म्हणणार नाही, त्या दिवशी म्हणत होते. गुरुवारी सकाळी आनंदात, पेढ्यांचा पुडा घेऊन, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून मी कुमुदताईंसमोर उभी राहिले. आणि पाच वर्षांच्या सवयीनं बूट काढले.

त्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. दोन जांभळे पाय. आदल्या दिवशीपासून मी ते उतरवलेच नव्हते. मागे रांगेत चार जणं बूट काढायला थांबली होती, त्यांनीही पाहिलं. कुमुदताईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून ठेवला.

"हे मी दिलेले नाहीत," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"दिलेली वस्तू ज्याची त्याची होते. ती घेऊन माणूस कुठंही जातो आणि तिकडेच राहतो. चोरलेली वस्तू परत करावी लागते. आपण कधी आणून देताय?"

मागची मंडळी हसली. मी हसू शकले नाही, कारण 'आपण' म्हणतानाही त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. त्यांचा माझ्यावर किती जीव आहे, हे मला घंगाळापाशी कळलं होतं. पण तो जीव किती घाबरला आहे, हे त्या क्षणी कळलं. मी म्हणाले, दोन वर्षांनी. त्यांनी हजेरीवही उघडली, माझ्या नावासमोर काहीतरी लिहिलं आणि फोन उचलला.

तिकडे दोन वर्षं बरी गेली. पगार बरा होता, बर्फ पहिल्या दिवशी सुंदर वाटला. कुमुदताई तीन महिन्यांतून एकदा पत्र पाठवत. त्यात ख्यालीखुशाली नसे. 'चोरीच्या मालाची स्थिती कळवावी' एवढी एक ओळ, खाली सही. मीही सरकारी भाषेत उत्तर देई: माल सुस्थितीत, डाव्या टाचेला किंचित झीज. दोन वर्षं संपताना कंपनीनं आणखी तीन वर्षं थांबायला सांगितलं. मिलिंदनं तिथं घर घेतलं होतं, अंजलीनं दोन गाड्या. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आईवडील थकले, इकडेच आता कामं भरपूर आहेत, अशी कारणं मी लोकांना सांगितली आणि ती खोटी नव्हती. पण विमानाचं तिकीट मी काढलं ते एका म्हातारीला शब्द दिला होता म्हणून.

पुण्यात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी कसब्यात गेले. कुमुदताई निवृत्त झाल्या होत्या, केस पार पांढरे. मी मोजे धुऊन, घडी करून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला 'ये' म्हटलं नाही की 'बस' म्हटलं नाही. मोज्यांत हात घातला, मंडईत वांगी पारखावीत तसे उलटसुलट करून उजेडात धरले. टाच विरली होती, तिथून बोट दिसत होतं.

"अशी वस्तू मी परत घेत नाही," त्या म्हणाल्या. "ठेव तुलाच."

मी बाबूरावांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं, "म्हणजे आता दिलेत?"

आतल्या खोलीतून बाबूराव ओरडले, "अगं, दिले म्हणू नकोस! ती परत जाईल!"

कुमुदताईंनी मोजे माझ्या हातात ठेवले.

"जाऊ दे गेली तर," त्या म्हणाल्या. "येते ती."