बाबल घाड्याची वाकडी वाट

आमच्या गावच्या देवराईतली वाट दरवर्षी बदलायची. ती राखायचा मान बाबल घाड्याच्या घराण्याकडे होता. राईत लोखंड न्यायचं नाही हा देवाचा कायदा, म्हणून बाबल कोयता देवळाशी ठेवून अनवाणी आत जाई आणि सगळं काम हातांनी करी. आडव्या वेली तोडायच्या नाहीत, बाजूला सारून दुसऱ्या झाडाला बांधायच्या. पावसात एखादा किंजळ वाटेवर कोसळला, तर बाबल वाटच त्याला वळसा घालून नेई. पडलेलं झाड तिथेच कुजे आणि त्याच्या अंगावर नवी रोपं धरत.

मी १९५७ साली तिथे मास्तर म्हणून गेलो. वालावलपासून दोन तासांच्या चालीवरचं गाव. माझ्याआधी दोन वर्षं शाळेला मास्तरच मिळाला नव्हता, त्यामुळे मी बोलेन ती पूर्व दिशा. अशा मानाने माणूस सुधारत नाही, चढतो. मी चढलो. बाबल वयाने माझ्या वडिलांएवढा, तरी मी त्याला अरे-तुरे करी.

"बाबल, तुझी वाट माडी पिऊन चालते काय रे?"

"सरळ वाट पाण्याक आवाडता, मास्तरांनू," तो हसून म्हणायचा. "म्हणान ती करूची नाय."

मला वाटे, अडाणी माणूस, काहीतरी बोलतो.

१९६१ च्या मे महिन्यात कळलं की रत्नागिरीहून साहेब शाळा पाहायला येणार आहेत आणि त्यांना झाडाझुडपांची हौस आहे. राईतून तिच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या झरीपर्यंत सरळ, रुंद रस्ता करावा, साहेबांना हिंडवून आणावं, असं माझ्या डोक्यात आलं. शाळेचा त्यात काही फायदा नव्हता. साहेबांच्या तोंडी माझं नाव यावं, एवढीच हाव.

राईत हात घालायचा तर देवाचा कौल हवा. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी आधी पडली तर होकार. कौल घ्यायचा बाबलने, आणि बाबल तर लेकीचं घर शाकारायला शिरोड्याला गेला होता. मुख्य मानकरी गुरुदास गावकर यांनी मला विचारलं, "कौल झालो काय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "जायच्या आधीच घेतलाय बाबलने. उजवा दिला देवाने."

मास्तर कशाला खोटं बोलेल? दुसऱ्या दिवशी वीस गडी कोयते-कुदळी घेऊन राईत शिरले. लोखंडाबद्दल कुणी कुरकुर केली, तर मीच म्हणालो, कौलात सगळं आलं. चार दिवसांत वाट देवळापासून झरीपर्यंत दोरी धरल्यासारखी सरळ झाली. साहेब आले, बुटांसकट पंधरा-वीस पावलं चालले, शहाळं प्यायले आणि गेले. माझं नावही त्यांनी विचारलं नाही.

बाबल परतला तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं.  तो वाटेच्या तोंडाशी जाऊन उताराकडे बघू लागला. मग खाली जाऊन आडवे दगड रचायला लागला.

आषाढात दगड राहिले नाहीत. सगळं पाणी त्या सरळ वाटेने धावत सुटलं, राईतली माती घेऊन खाली आलं आणि झर गाळाने बुजली. देवाच्या स्नानाचं पाणी त्या झरीचं, खालच्या वाडीच्या पिण्याचंही तेच. नवरात्राआधी गाव देवळात जमला.

"बाबल," गुरुदास गावकर म्हणाले, "तू कौल घेतलंस मा? देवान उजवो दिलो मा?"

बाबलने माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. 'करून गेलो गाव आणि कांदळगावकाराचा नाव' ही म्हण मी वर्गात अर्थासह शिकवलेली: करतो एक, आळ येतो दुसऱ्यावर. तिथे मात्र मूग गिळून गप्प राहिलो.

"होय," बाबल म्हणाला. "उजवी पडली असा माका वाटला. चूक माजी."

त्याच बैठकीत वाट राखायचा मान त्याच्या घरातून काढून गावातल्याच महादू नावाच्या गड्याच्या घराला दिला, आणि बाबलने राईत पाय ठेवायचा नाही असं ठरलं.

मी त्याला वाटेत गाठलं. "मी परत जाऊन खरं सांगतो," म्हटलं.

"नको." तो थांबलाही नाही. "मास्तर देवाच्या नावान खोटा बोललो, असा कळला तर गाव तुमका ठेवतलो? दोन वर्सा पोरा ढोरांमागे फिराक लागली हुती. माजी नात आता वाचता."

खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज घरी पोचल्यावर वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढे पाऊस सरला की बाबल राईच्या दगडी गडग्याबाहेर उभा राही आणि आतल्या महादूला ओरडून सांगे, "थंयसून डावीकडे घे! थंय सुरंगीचा रोप आसा!" रोप त्याला दिसत नसे, पण जागा पाठ होती. महादू ऐके. वाट हळूहळू पुन्हा वाकडी झाली आणि चौथ्या वर्षी झरीला थोडं पाणी आलं. ते पाहायला बाबलला आत जाता आलं नाही. मी रोज जाऊन पाहत होतो.

१९६८ साली माझी बदली झाली. देवळात निरोपाचा कार्यक्रम झाला. गुरुदास गावकरांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "मास्तरांनी आमच्या पोरांक खरा बोलूक शिकवला." टाळ्या पडल्या. मानकऱ्यांच्या रांगेत आता बाबलची जागा नव्हती. तो पायरीखाली चपलांपाशी बसला होता. टाळ्या तोही वाजवत होता.

मग बोलायची माझी पाळी आली. मी गावाचे आभार मानले आणि खाली बसलो.