गोलच्या मागे कोणी नव्हतं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. आमच्या घरी देव्हारा नाही. सकाळी बुद्धवंदना होते, तेवढंच. माझे वडील शिरोळकडच्या एका शाळेत शिक्षक होते. भूत, भानामती, अंगात येणं असा नुसता शब्द निघाला तरी ते शांतपणे विचारायचे, "पुरावा काय?" तोच प्रश्न मी पुढे आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलो. आज माझ्याकडे पुरावा म्हणून एक पंच आहेत, एक मित्र आहे आणि मोबाईलमधला एक व्हिडिओ आहे... आणि तरीही मला काही सांगता येत नाही.

लिहिण्याचं दुसरं कारण म्हणजे यात माझा एक गुन्हा आहे. तो माझ्या मुलीला मी अजून सांगितलेला नाही. हे छापून आलं की तिच्यासमोर ठेवणार आहे.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. गल्ली अरुंद, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली दूध डेअरी. घरात मी, बायको सुवर्णा आणि मुलगी संघमित्रा. तिला सगळे मित्राच म्हणतात. मी एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. मित्रा अकरावीत आहे आणि तिच्या टीमची गोलकीपर आहे. पेठेत राहून फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. माझ्या मुलीने तर गोलच धरला.

तिच्या प्रत्येक मॅचला माझी जागा ठरलेली – गोलच्या मागे, जाळीपासून दोन हातांवर. तिथे उभं राहायला खरं तर बंदी असते. पंच हाकलायचे, मी बाजूला व्हायचो आणि पुन्हा यायचो. पेनल्टी असली की मी किक मारणाऱ्या पोरीचे पाय बघायचो आणि मागून सांगायचो, "डावीकडं..." किंवा "उजवीकडं..." मित्रा माझ्या शब्दावर झेप घ्यायची. कधी बरोबर यायचं, लोक माझी पाठ थोपटायचे. चुकलं की गोल व्हायचा, आणि घरी येताना ती गाडीवर मागे बसून म्हणायची, "मीच लवकर पडलो, पप्पा." (आमच्याकडे मुलीही आलो-गेलोच म्हणतात.) मी गाडी चालवत राहायचो. चूक माझी होती, हे मला ठाऊक असायचं. बोलायचो मात्र नाही.

यंदा मुलींच्या स्पर्धेत तिची टीम फायनलला पोहोचली, आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या अक्कलदाढांनी डोकं वर काढलं. खालच्या दोन्ही, आडव्या. वर्षभर मी लवंग दाबून दिवस ढकलले होते. शेवटी गाल असा सुजला की सुवर्णाने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला तुटक.

"दोन्ही काढाव्या लागतील."

"फायनलच्या आधी बरा होईन ना?"

"माझं ऐकलंत तर नक्की. थंड, मऊ खायचं. गरम काही नाही. चूळ जोरात भरायची नाही. जखमेत रक्ताची गुठळी धरते, तेच तुमचं बँडेज. ती निघाली तर मग माझ्याकडे रडत येऊ नका."

दाढा निघाल्या. तशी काही मोठी गोष्ट झाली नाही. ऑफिसातल्या लोकांनी फोनवर म्हणून घेतलं, "साहेब, व्हती न्हवती अक्कल काढून दिलीसा काय?" मी हूं हूं करून फोन ठेवला. गार पेज, आईस्क्रीम, गालाला बर्फ. दुसऱ्या दिवशी सुवर्णा कामावर गेली, मित्रा सरावाला, आणि खालच्या डेअरीचा बापू डबा घेऊन वर आला.

बापू माझा लहानपणापासूनचा मित्र. कुणाचाही मोडलेला हात असो, टायफॉइड असो की बाळंतपण, त्याच्याकडे औषध एकच.

"पांढरा रस्सा हाय. जरा बी तिखट न्हाय. दुधावानी लागतंय बघ."

मी हाताने नको नको केलं, तोंडावर बोट ठेवून डॉक्टरांनी मना केलंय असं खुणेने सांगितलं.

"डॉक्टर कुठली हाय?"

"पुण्याची," मी ओठ न हलवता म्हटलं.

"मग तिला काय कळतंय रस्सा? पेज पिऊन कोण उठलंय का आजपतोर? फायनलला उभं राहायचंय न्हवं तुला?"

या शेवटच्या वाक्याने घात केला. मला वाटलं, खरंच की, अंगात ताकद पाहिजे. वाटीतून वाफ येत होती. मी ती तोंडाला लावली आणि संपवली. दुसरीही संपवली. आणि डब्याच्या तळाशी मटणाची एक फोड होती... तीही मी खाल्ली. डावीकडून, हळूहळू.

संध्याकाळी तोंड रक्ताने भरलं. ते थांबलं, पण त्यानंतर जे दुखणं सुरू झालं ते मी शत्रूलाही देणार नाही. कान, कपाळ, डोळ्याची खोबण – सगळीकडे एकच कळ. मित्रा मला बर्फ देताना म्हणाली, "पप्पा, एवढं कसं वाढलं?"

मी म्हटलं, "इन्फेक्शन असेल."

हाच तो गुन्हा. पोरगी सरावाहून दमून येऊन माझ्या उशाशी बसत होती, आणि मी खोटं बोललो.

फायनलच्या दिवशी सकाळी ताप होता. मित्रा किट भरून लवकर निघाली. दारात थांबून तिने विचारलं, "येणार न्हवं?" मी मान हलवली. ती गेल्यावर बूट घालायला वाकलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी भिंतीला धरून खाली बसलो. सुवर्णाने बूट उचलून कपाटावर टाकले आणि मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी तोंडात बघितलं.

"गुठळी निघाली. हाड उघडं पडलंय. काय खाल्लंत?"

"पेज."

"आणि?"

सुवर्णा शेजारीच उभी. मी छताकडे बघत म्हटलं, "पांढरा रस्सा. थोडासा."

"फक्त रस्सा?"

"...एक फोड."

सुवर्णाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की चिडली होती, मला आजही माहीत नाही. बाईंनी औषधाची पट्टी चिमट्यात धरली. "आता ही आत भरणार. भूल चालणार नाही फारशी. हलू नका. जागेवर राहा. येऊ दे कळ. तुम्ही सरकलात की जास्त लागेल, नाही सरकलात तर येईल आणि जाईल."

मी खुर्चीचे हात धरले आणि तेच शब्द मनात म्हणत राहिलो. हलू नको. जागेवर राहा. येऊ दे. खरंच, कळ आली आणि थोडी ओसरली. त्यांनी वर गॉजचा बोळा ठेवला, दात मिटायला लावले, आणि संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही अशी ताकीद दिली. मैदानाचं मी विचारलंच नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

दुपारी सुवर्णा मॅचला निघाली. "मी बसतो ह्याच्यापाशी," बापू म्हणाला. "वैनी, तुमी जावा."

"डबा खाली ठेवून बसा," सुवर्णा म्हणाली. बापूने मान खाली घातली.

मी पलंगावर पडलो, बापू खुर्चीत. सुवर्णा व्हिडिओ कॉल करून मॅच दाखवत होती. चित्र थांबत थांबत येत होतं. एक-एक बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. समोरची टीम कबनूरकडची, पोरी दणकट. पहिल्या किकला मित्रा उजवीकडे पडली, चेंडू डावीकडून गेला. दुसऱ्या किकला डावीकडे पडली, चेंडू उजवीकडून. प्रत्येक किकच्या आधी ती मान वळवून गोलच्या मागे बघत होती... माझ्या जागेकडे. तिथे कोणी नव्हतं.

ते बघणं मला दाढेपेक्षा जास्त लागलं. मीच तिला ही सवय लावली होती, आणि ऐन वेळी एका फोडीपायी घरी पडलो होतो.

एक किक कबनूरवालीने बाहेर मारली. आमच्या सगळ्या मारून झाल्या, त्यातली एक हुकली. शेवटी त्यांची एक किक उरली. झाला गोल तर बरोबरी आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, अडवला तर चषक आमचा. सुवर्णा म्हणाली, "शेवटची हाय ही, बघा..." आणि चित्र गोठलं. गोलमध्ये बारकी मित्रा, दोन्ही हात पसरलेले. मग फोन कट.

बापूने परत लावून बघितला. लागेना.

मी डोळे मिटले. नेमकी तेव्हाच दाढेच्या खड्ड्यातून अशी कळ उठली की वाटलं, उठून भिंतीवर डोकं आपटावं. मी चादर मुठीत धरली आणि सकाळचे शब्द म्हणायला लागलो. मनात. तोंडात बोळा, दात घट्ट मिटलेले. हलू नको. जागेवर राहा. येऊ दे. हलू नको. जागेवर राहा. येऊ दे. मित्राला सांगत नव्हतो, हे शपथेवर सांगतो. त्या क्षणी मी तिचा विचारही करत नव्हतो. मी स्वतःला सांगत होतो.

आणि कळ थांबली. ओसरली नाही, थांबली. दिव्याचं बटण बंद करावं तशी. मी डोळे उघडले तर बापू माझ्यावर वाकलेला.

"अरं, हाका मारतोय तुला. दोनदा हाक मारली. डोळं मिटून दगडावानी पडलायस. म्हटलं गेलास काय."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून नुसता गलका, हलगी, आणि त्यात सुवर्णा रडत होती. "अडवला. छातीवर घेतला. अडवला ओ पोरीनं."

बापू खुर्चीवर चढून नाचायला लागला. मी बोळा काढून हसलो. जबडा पूर्ण उघडला आणि दुखलं नाही.

संध्याकाळी मित्रा आली. गल्लीने तिला खांद्यावरून आणलं होतं, अंगभर गुलाल. चषक तिने माझ्या पोटावर ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं –

"आलातच न्हवं शेवटी. आई म्हणती घरात होता. खोटं बोलू नका, मी ऐकलो की."

"काय ऐकलीस?"

"शेवटच्या किकला. मागनं म्हणालासा – हलू नको, जागेवर राहा, येऊ दे. म्हणून तर मी पडलोच न्हाई. तिनं सरळ मारला, आला तो छातीवर. आजपतोर कधी असं सांगितलं न्हवतासा तुम्ही. कायम डावं-उजवं करत असता."

सुवर्णा माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टर बाईंचे शब्द तिने सकाळी माझ्याबरोबर ऐकले होते, आणि मित्रा तेव्हा मैदानावर होती. त्यानंतर दोघींचं बोलणं झालं ते थेट मॅच संपल्यावर, आणि तेव्हा फक्त रडणं झालं.

तुम्ही म्हणाल, फोनवरून आवाज गेला असेल. फोन कट झाला होता. आणि सुवर्णा गॅलरीत होती, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही म्हणाल, पोरीला भास झाला. मीही तेच म्हटलं, आणि तिची समजूत काढायला लागलो. मग तिच्या कोचचा फोन आला. अभिनंदन झाल्यावर ते म्हणाले, "एक सांगू का? पंच वैतागलेत तुमच्यावर. म्हणाले, त्या गृहस्थांना सांगा, आज पण गोलच्या मागं उभं राहून बोलत होते. फायनल होती म्हणून थांबवलं नाही."

"मी आज आलोच नव्हतो, सर."

"राहू दे की आता. जिंकलो न्हवं आपण."

व्हिडिओ नंतर मिळाला, एका मुलीच्या भावाने काढलेला. मी तो किती वेळा बघितलाय याची गणती नाही. आवाज म्हणून त्यात फक्त हलगी आहे. पण किक मारणारी पळत यायच्या आधी मित्रा मान वळवून मागे बघते, आणि होकारार्थी मान हलवते. त्याच वेळी पंच त्याच दिशेला बघतात आणि ओठांवर बोट ठेवतात. दोघंही जिथे बघतात तिथे मोकळी जमीन आहे आणि जाळीची सावली.

बापूचा स्वभाव असा की गल्लीत मांजर आडवं गेलं तरी तो वाघ सांगतो. या गोष्टीत मात्र तो एक शब्दही जास्तीचा घालत नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणतो, "म्या समोर बसलोतो. ह्याचा ओठ बी हालला न्हाय."

पुढच्या तपासणीला डॉक्टर बाईंनी तोंडात दिवा धरून बघितलं. जखम भरत आली होती. "दुखतंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, त्या दुपारपासून नाही. "इतक्या लवकर थांबत नाही खरं तर," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनीही पुरावाच मागितला असता.

वडील असते तर काय म्हणाले असते, याचा मी विचार करतो. बहुतेक पंचांना घरी चहाला बोलावून उलटतपासणी घेतली असती. माझी तेवढी हिंमत नाही. मला अजून याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि कोणाला सापडलं तर जरूर कळवा. फक्त माझ्या मुलीने तो चेंडू अडवला, यात शंका काढू नका. आवाज कुणाचाही असो, समोरून आग येत असताना जागेवर उभी ती राहिली.

मित्रा, बाळा, ते इन्फेक्शन नव्हतं. रस्सा होता. आणि आधीचे ते गोल तुझ्यामुळे झाले नव्हते, माझ्यामुळे झाले होते.

आता मी गोलच्या मागे उभा राहत नाही. गॅलरीत सुवर्णाजवळ बसतो आणि तोंड मिटून शेंगा खातो. मित्राही मागे वळून बघत नाही. तिची नजर चेंडूवर असते. त्यानंतरच्या दोन पेनल्ट्या तिने अडवल्या, दोन्ही न पडता. वळून बघतात ते फक्त पंच. तेच पंच असले की शिट्टी वाजवायच्या आधी एकदा मित्राच्या गोलच्या मागे नजर टाकतात, मग गॅलरीत मला शोधतात, आणि मी दिसलो की पुन्हा एकदा गोलच्या मागे बघतात.