पहिली दहा मिनिटं

सौदीतल्या धाहरानच्या आमच्या वसाहतीत एक गोरा म्हातारा राहतो. गळ्यात कायम शिट्टी. पोरं हिरवळीवर उतरली की त्यांना हुसकायला वाजवतो. पूर्वी तो देशादेशांमधल्या रग्बी लीग सामन्यांत पंच होता.

एकदा माझ्या लेकीने त्याचं बोलणं मला मराठीत सांगितलं. तो हसत म्हणाला, "पहिली दहा मिनिटं मारामारीकडे बघायचं नाही, अशी रीतच होती. एकाने माझ्यासमोर दुसऱ्याचा जबडा कोपराने फोडला. मी शिट्टी वाजवली नाही."

"त्याला पुढे घास चावता आला का, विचार," मी लेकीला म्हटलं.

"आई, जाऊ दे ना."

"विचार."

मेल्याला ठाऊक नव्हतं. चौकशी करायला कधी गेलाच नव्हता.

मी उठले ती पुन्हा त्याच्याशी बोलले नाही. आज सकाळी एक चिमुरडी हिरवळीवर उतरली. पहिल्याच पावलाला शिट्टी वाजली.