पैनगंगेकाठची हाडं

दिग्रसजवळच्या तांड्यात उज्ज्वला राठोडला सगळे 'हाडंवाली' म्हणतात, आणि तिलाही त्याचा राग नाही. पुण्याला शिकून डॉक्टरेट मिळवलेली पोर सुट्ट्या लागल्या की पैनगंगेच्या काठावर उकिडवी बसून माती खरवडते, तर लोकांनी तिला दुसरं म्हणायचं तरी काय? हजारो वर्षांपूर्वीच्या रानबैलांची, हरणांची हाडं ती शोधते. दातावरून जनावर काय चरत होतं ते सांगते, आणि त्यावरून तेव्हा पाऊसपाणी कसं होतं तेही. आज नजर जाईल तिथवर कापूस आहे, तिथे एके काळी उंच गवताचं रान होतं, हे सांगताना तिचा आवाज असा हळवा होतो, जणू ते रान तिने स्वतः पाहिलंय.

पुण्यात तिला कायमची नोकरी मिळत होती. ती सोडून यवतमाळच्या कॉलेजात आली, तेव्हा सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. "इथून नदी जवळ पडते," एवढंच ती म्हणाली.

कापसाचा भाव पार कोसळला त्या वर्षी तिच्या बाने, उत्तमसिंगने, बैलजोडी विकली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला, त्या घरचा माणूस रिकाम्या गोठ्यात जाऊन बसू लागला. समोरची भाकर तशीच राहायची. एक दिवस बायकोला म्हणाला, "रुपी, मोऱ्याले एकडाव पाहून येतो." जोडीतला मोऱ्या नदीपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला विकला गेला होता. नदीला पूर होता. उत्तमसिंग गेला तो गेलाच. मोऱ्याच्या नव्या मालकाकडे तो पोचला नाही, आणि नदीनेही काही परत दिलं नाही. उज्ज्वला पुणं सोडून आली ती त्याच्या पुढच्याच वर्षी.

रुपीबाईने दंडातला चुडो उतरवला नाही. नवरा जिवंत आहे तोवर बंजाऱ्याच्या बाईचा हा चुडो कोपराच्या वर असतो, नवरा गेला की उतरतो. सात वर्षं लोटल्यावर धाकटा दीर खेमसिंग याने तांड्यातली चार माणसं बसवली. माणूस वाईट नव्हता, भावासाठी तोही कमी रडला नव्हता.

"वहिनी, आता दिवस करून टाकू. त्याच्या जिवाले मोकळं तं करा."

रुपीबाईने दंडावरचा चुडो चाचपला. मग म्हणाली, "माह्या पोरीले इचारा. कवाचं मेलेलं जनावर ते ओयखते. तिनं उतरव म्हटलं, तं आत्ताच्या आत्ता उतरवीन."

सगळे उज्ज्वलाकडे पाहू लागले. तिच्या मनाने निकाल केव्हाच दिलेला होता. ही नदी काय वाहून नेते आणि कुठल्या वळणावर टाकते, हाच तर तिचा अभ्यास! पण तोंडून आलं ते गुरूंनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

"काका, आमच्या कामाचा नेम आहे. हाड हाती आल्याबिगर निकाल द्याचा नाही. बाचं काही सापडलं नाही. मी उतरव म्हणणार नाही."

खेमसिंगने डोळे पुसले आणि विषय तिथेच संपला. रुपीबाई चुड्यावरून ओढणी सारखी करून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस लांबून दिसल्यावर तिने विचारलं, "काल खरं सांगतलं, का मले बरं वाटावं म्हणून?"

"शिकली तेच सांगतलं, याडी," उज्ज्वला आईला म्हणाली.

"मंग तू त्या नदीवर कायले जाऊन राह्यली?"

 इतकी वर्षं उज्ज्वलाला वाटत होतं की याडीला काही कळत नाही. बस येऊन थांबली. रुपीबाईने लेकीची पिशवी तिच्या हातात दिली.

"सापडलं तं मले सांगू नको," ती म्हणाली.

तेव्हापासून काठावर मातीतून हाडाचं टोक दिसलं की उज्ज्वलाचा हात थबकतो. जनावराचंच असू दे, असं ती मनात म्हणते आणि मगच ब्रश उचलते. हाड बैलाचं निघालं की तिला हायसं वाटतं. आणि लगेच बाची इतकी आठवण येते, की हातातलं काम तसंच टाकून ती नदीपलीकडे बघत बसते.