बडे बाबूंची जपानी कार्डं

चारशे बारा कार्डं मी एका बैठकीत निपटवली आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. एवढी कार्यक्षमता मी नोकरीत दाखवली असती तर आज साहेब असतो.

कार्डं बडे बाबूंची होती. इंदरगंजच्या आमच्या दफ्तरातून ते बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झाले. नई सडकला ते आमच्या समोरच राहत, त्यामुळे गल्लीतही बडे बाबूच राहिले. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर येत असे. कुठल्याही गोष्टीची घाई केली की तळहात हवेत दाबल्यासारखा करून म्हणायचे, "जल्दी काय आहे भैया? मागून येईल."

त्यांचा एकुलता मुलगा जपानला गेला, तिथलीच मुलगी केली, आणि तीन वर्षांपूर्वी तिथेच आजारपणात वारला. मागे राहिली सून आणि आठ वर्षांची नात. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या दोघी पडद्यावर दिसत. सुनेला मोडकं इंग्रजी यायचं. नातीला फक्त जपानी. दहा मिनिटं आजोबा हात हलवायचे, नात हात हलवायची, आणि संपलं.

सत्तरीच्या बडे बाबूंनी मग एक लॅपटॉप घेतला आणि जपानी शिकायला बसले. क्लास नाही, मास्तर नाही. एका बेडकाचं जपानी कार्टून लावायचं. खाली अक्षरं उमटायची, शब्दावर बाण नेला की अर्थ दिसायचा. एक बटण दाबलं की त्या वाक्याचं कार्ड तयार: चित्र, आवाज, मागच्या बाजूला अर्थ. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड समोर येऊन विचारायचं, येतं का? खाली चार बटणं: पुन्हा, कठीण, ठीक, सोपं. 'पुन्हा' म्हटलं की कार्ड लगेच परत येणार. 'सोपं' म्हटलं की ते समजणार, याला येतं, आणि महिनोन्महिने तोंड दाखवणार नाही.

सकाळी दूध घ्यायला निघालो की खिडकीतून विचारायचो, "बडे बाबू, आज किती?"

"आज पंधरा. चिखल आला, छत्री आली, राक्षस अजून येत नाही."

"पण बोलणार कधी?"

"आधी ऐकायचं. बोलणं मागून येईल." नातीचा फोनही ते रेकॉर्ड करून ठेवायचे आणि महिनाभर ऐकायचे.

बोलण्यातलं एकच जपानी वाक्य त्यांनी घोटून ठेवलं होतं. आपल्याकडे फोन त्याच्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून: 'मी जेवलो, तू जेवलीस का?' फूलबागेत फिरताना ते माझ्यावरच चालवायचे. मी वाकून नमस्कार करायचो. माळी आम्हा दोघांकडे बघायचा.

दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस पडदा बंद. लॅपटॉप माझ्याकडे देऊन म्हणाले, "भैया, बेडकाचे नवे भाग तेवढे नेटवरून उतरू द्या. बाकी छेडू नका."

मी उघडलं, तर लाल आकड्यात चारशे बारा कार्डं तुंबलेली. आता आमच्या दफ्तरात एक रीत आहे: साहेब रजेवरून यायच्या आत टेबलावरचं पेंडिंग साफ झालं पाहिजे. ही रीत मला बडे बाबूंनीच शिकवलेली. 'पुन्हा' दाबलं तर कार्ड परत येत होतं, 'सोपं' दाबलं तर जात होतं. मग काय, सोपं, सोपं, सोपं. अक्षर कळत नसलेल्या माणसाला चारशे बारा वेळा जपानी सोपं वाटलं.

"बडे बाबू, टेबल चकाचक!"

त्यांनी काळा चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. "माझा राक्षस कुठे गेला?"

मग मला चारही बटणांचा अर्थ समजावून सांगितला. मी विचारलं, "परत नाही आणता येत?"

"येत असेल. मला नाही येत." आणि तळहात दाबून, "जाऊ द्या. चार-पाच महिन्यांनी येतील. मागून येतील."

पुढच्याच रविवारी फोन होता. त्यांनी मला आणि बायकोला बोलावलं. बायकोने चिवडा नेला. नात पडद्यावर आली, आईकडे मान वळवून भरभर काहीतरी बोलली. बडे बाबूंचा चेहरा एकदम लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसासारखा झाला.

"समजलं?" मी ओरडलोच.

"समजलं."

"सगळं?"

"सगळं."

"काय म्हणाली?"

"विचारते, जेवलात का."

मी टाळ्या पिटल्या. बडे बाबूंनी हात हलवला. नातीने हलवला. पडदा बंद झाला. ते माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, चिवडा छान झालाय." खाल्ला मात्र नाही.

त्यानंतर रविवार बंद झाले. विचारलं तर म्हणायचे, "पोरीचा अभ्यास असतो." नवी कार्डंही थांबली. "आज किती?" या प्रश्नाला उत्तर यायचं, "आज एकच." मला वाटत राहिलं, माझ्यामुळे. शब्द मी गिळले, म्हणून आजोबा मुके झाले.

माघात ते गेले. घर आवरायला आलेल्या पुतण्याने लॅपटॉप माझ्या हातात ठेवला. "अंकल, यात सगळं जपानीच आहे. तुम्हीच ठेवा."

फाल्गुनात एका सकाळी सहज उघडला. लाल आकडा. माझी सगळी 'सोपी' कार्डं परत आली होती. चिखल, छत्री. राक्षससुद्धा. ज्याच्याकडे यायचं तो नव्हता.

त्यांत एक कार्ड बेडकाचं नव्हतं. त्यावर नात होती, मान आईकडे वळवलेली. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत आम्ही तिघं, मी बत्तीस दात काढून. आवाज तिचाच, भरभर. मागच्या बाजूला बडे बाबूंनी मराठीत अर्थ लिहिला होता:

'आई, अजून किती वेळ? मला या आजोबांशी नाही बोलायचं.'

आणि खाली त्या कार्डाचा इतिहास. रोज एकदाच उघडलेलं. रोज एकच बटण दाबलेलं: पुन्हा.

मी बायकोला हाक मारली. ती पोळ्या टाकून आली, पिठाच्या हाताने उभी राहून तिने वाचलं. मी म्हणालो, "आपल्याला तर सांगितलं, जेवलात का विचारते."

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "जेवलात का विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. तेवढं एक त्यांना येत होतं."